स्लीव्ह सर्जरीनंतर हळू खायचं कसं जमवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझी गॅस्ट्रिक स्लीव्ह (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकायची सर्जरी) झालीये आणि आता लिक्विडवरून मिक्सरमधून काढलेल्या मऊ जेवणावर आलेय. डाएटिशियनने सांगितलंय की एक जेवण २० ते ३० मिनिटं चालवायचं, छोटा चमचा, दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवायचा आणि जेवताना व नंतर अर्धा तास पाणी नाही. पटतंय सगळं, जठर आता अरुंद नळीसारखं आहे ना, जरा भरभर गिळलं की छातीच्या मधोमध दाटून येतं, तोंडाला पाणी सुटतं आणि घास वर येईल असं वाटतं.

पण हळू खाल्लं की अन्न गार होतं, खायची इच्छाच जाते आणि ३० मिनिटं झाली तरी वाटीत निम्मं तसंच. मग ते सोडून द्यायचं की थोड्या वेळाने परत खायचं? दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रोटीन हवं म्हणतात, ते तुम्ही कसं बसवता? आणि पोट भरलं हे नेमकं कशावरून ओळखता, मला कधी उचकी लागते कधी नाक वाहायला लागतं, तीच खूण का? उलट्या वगैरे काही नाहीत, तसं झालं तर सरळ डॉक्टरांनाच फोन करणार. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी प्लीज जरा सविस्तर सांगा.