मदत हवी आहे: फ्लूच्या गोळ्यांसोबत चिनी वनौषधी, सासऱ्यांना बीपी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही नोकरीनिमित्त शांघायला असतो. सासरे साताऱ्याहून आलेत, वय ७२, बीपीसाठी रोज ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ. परवापासून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. काल तपासणीत इन्फ्लुएन्झा ए निघाला.

डॉक्टरांनी एकाच चिठ्ठीवर दोन्ही दिलं: फ्लूच्या विषाणूवरचं ओसेल्टामिविर ७५ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ पाच दिवस, आणि लिएनहुआ छिंगवन या चिनी वनौषधीच्या चार-चार कॅप्सूल दिवसातून तीनदा. इथे ही पद्धत सर्रास आहे. लिएनहुआ २००३ च्या सार्सच्या वेळी तयार झालं, कोविडच्या सरकारी उपचारांतही होतं. मला त्याला नावं ठेवायची नाहीत. ओसेल्टामिविरसाठी लागणारं शिकिमिक ॲसिडही चक्रीफुलातून काढत आलेत, म्हणून झाडपाला की ॲलोपॅथी हा वाद मला नकोच.

काळजी आहे ती घटकांची. मोबाइलवर भाषांतर करून माहितीपत्रक वाचलं. तेरा घटकांत माहुआंग आहे, म्हणजे एफेड्रा. त्यातल्या एफेड्रिनने नाडी आणि बीपी वाढतं. गानत्साओ हा ज्येष्ठमधाचा चिनी भाऊबंद. जास्त झाला तर अंगात पाणी धरतं, पोटॅशियम उतरतं. दाहुआंग म्हणजे रेवाचिनी, तिने जुलाब होतात, आणि बाबा आधीच नीट जेवत नाहीयेत. उच्च रक्तदाब असेल तर जपून वापरा, असं पत्रकातच छापलंय. बीपीच्या गोळीचं आम्ही सांगितलं होतं, पण मोडक्यातोडक्या चिनीत. डॉक्टरांना कितपत कळलं कोण जाणे.

त्यात शेजारच्या आजींनी मायेने गानमाओलिंग या सर्दीच्या औषधाच्या पुड्या आणून दिल्या. वरून सगळी वनौषधीच वाटते, पण प्रत्येक पुडीत २०० मिग्रॅ पॅरासिटामॉल आहे, शिवाय क्लोरफेनिरामिन (सर्दीवरचं, झोप आणणारं औषध) आणि कॅफिन. तापाला आम्ही पॅरासिटामॉल वेगळं देतोच आहोत, म्हणून पुड्या बाजूला ठेवल्यात.

लिएनहुआ द्यावं की थांबवावं? ओसेल्टामिविरशी त्याचं काही वाकडं आहे का? इथे राहणाऱ्यांपैकी कुणी घरच्या वयस्कर माणसाला दोन्ही दिलंय का? अजून पहिली कॅप्सूल दिलेली नाही.

प्रतिसाद

ताई, मी फार्मासिस्ट आहे. ओसेल्टामिविर लगेच सुरू करा, पहिल्या ४८ तासांत त्याचा फायदा सर्वांत जास्त. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस कमी करावा लागतो, तेवढं डॉक्टरांना विचारा. लिएनहुआ लक्षणांसाठी आहे. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ते नाही दिलं तर फ्लूचा उपचार अडत नाही. माझी भीती ओसेल्टामिविरपेक्षा बीपीची आहे. बीपीची गोळी मनाने बंद करू नका, सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून लिहून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा. पुड्या बाजूला ठेवल्यात ते उत्तमच. दम लागला, छातीत दुखलं, बोलण्यात गोंधळ वाटला किंवा लघवी कमी झाली तर वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

धागाकर्ती

खूप आभार. रक्त पातळ करायची गोळी नाही. ओसेल्टामिविरची पहिली गोळी आत्ताच दिली. ऑफिसमधली चिनी मैत्रीण संध्याकाळी डॉक्टरांशी फोनवर बोलणार आहे. तिला ॲम्लोडिपिनचं नाव आणि आजचं बीपी, १४८/८६, चिनीत लिहून पाठवलंय. मूत्रपिंडाचंही विचारायला सांगते.