साउथवेस्टने पाच जणांचा प्रवास: सीट, बॅगा आणि सासूबाईंची व्हीलचेअर

स्नेहल_डॅलस

जूनमध्ये डॅलस लव्ह फील्डहून बाल्टिमोरला साउथवेस्टच्या विमानाने जायचं आहे. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे विमानतळावर व्हीलचेअर लागते आणि इंग्रजी जेमतेम समजतं. सासरे धडधाकट आहेत. जाताना पाच जण, परत येताना आम्ही तिघंच. सासू-सासरे दिरांकडे राहतील आणि ऑगस्टमध्ये दोघंच डॅलसला येतील. नवऱ्याकडे साउथवेस्टचं क्रेडिट कार्ड आहे.

बेसिक तिकीट बरंच स्वस्त दिसतंय. व्हीलचेअर असली की आधी आत सोडतात, मग पुढची रांग धरता येईल ना? आणि पाच बॅगा आहेत, त्यातल्या दोन भारतातून आल्या तशाच, २३-२३ किलोच्या. कार्डावर कोणाकोणाची बॅग फुकट जाते? आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येक जण वेगळंच सांगतोय.

विमानवेडा

स्नेहलताई, पुढच्या रांगेबद्दलचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि तिकीट कुठलं घ्यायचं ते त्यावरच ठरतं.

२७ जानेवारी २०२६ पासून साउथवेस्टमध्ये ‘कुठेही बसा’ हा प्रकार संपला. पूर्वी ए, बी, सी असे गट आणि त्यात १ ते ६० क्रमांक असायचे. जो आधी चढेल तो हवी ती जागा पकडायचा. व्हीलचेअरवाल्यांना पुढची रांग मिळायची ती याच कारणाने. आता सीट नंबर आधीच ठरलेला असतो. व्हीलचेअरच्या प्रवाशाला आजही सगळ्यात आधी चढणाऱ्या गट १ च्याही आधी आत घेतात, पण बसायचं ते ठरलेल्या सीटवरच. बेसिक घेतलंत आणि सासूबाईंना पंचविसावी रांग आली, तर त्यांना आत लवकर सोडतील, पण पंचविसाव्या रांगेपर्यंत चालावं त्यांनाच लागेल.

हे चालणंही गृहीत धरू नका. विमानतळाची व्हीलचेअर विमानाच्या दारापर्यंतच येते, ती आतल्या बोळातून जात नाही. दारापासून सीटपर्यंत चालणं शक्य नसेल तर चाकांची अरुंद खुर्ची मिळते, तिला आइल चेअर म्हणतात. ती बुकिंगच्या वेळी वेगळी मागायची. नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ एवढंच लिहिलं तर बहुतेक वेळा दारापर्यंतचीच सोय होते. फॉर्ममध्ये पायऱ्या चढता येतात का, सीटपर्यंत चालता येतं का असे प्रश्न असतात. त्यांची उत्तरं खरी द्या, संकोच करू नका.

आता तिकिटाचे प्रकार. बेसिक, चॉइस, चॉइस प्रिफर्ड, चॉइस एक्स्ट्रा असे चार आहेत. बेसिकमध्ये सीट विमान कंपनी चेक-इनच्या वेळी देते आणि चढायचा गट शेवटचा. पाच जण पाच ठिकाणी विखुरले जाण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त. चॉइसमध्ये साधी सीट बुकिंग करतानाच निवडता येते. प्रिफर्डमध्ये विमानाच्या पुढच्या भागातली, पण पायाला जागा तेवढीच. एक्स्ट्रामध्ये पाय मोकळे ठेवता येतात आणि दोन बॅगा फुकट.

तुमच्यासाठी मी चॉइस म्हणेन. एकाच रांगेत पलीकडे-अलीकडे बसा: ए वर नवरा, बी वर मुलगी, सी वर तुम्ही, बोळ ओलांडून डी वर सासूबाई, ई वर सासरे. म्हणजे हवाई सुंदरी काही विचारायला आली की तुम्ही हाताच्या अंतरावर आहात, आणि सासूबाईंना उठताना कोणाला ओलांडावं लागत नाही. आता पुढची रांग घ्यायची की मागची? साउथवेस्टच्या बोइंग ७३७ विमानांत टॉयलेट पुढे एकच असतं, बाकीची शेपटीकडे. वारंवार जावं लागत असेल तर मागच्या तीन-चार रांगा सोयीच्या, पण दारापासून तेवढं चालायचं. गुडघे जास्त त्रास देत असतील तर डी सीट जितकी पुढे मिळेल तितकी घ्या. मला विचाराल तर गुडघ्यांना आधी महत्त्व द्यावं, कारण उतरताना सगळं विमान रिकामं होईपर्यंत मागे बसून राहावं लागतं.

आणखी एक, जास्त पायजागा दिसली म्हणून आपत्कालीन दाराच्या रांगेतली सीट घेऊ नका. तिथे बसणाऱ्याचं वय किमान १५ हवं, दार उघडायची ताकद हवी आणि सूचना ज्या भाषेत दिल्या जातात ती समजायला हवी. हा अमेरिकन सरकारी नियम आहे, कर्मचाऱ्यांच्या मर्जीचा प्रश्न नाही. सासूबाई आणि मुलगी दोघींनाही तिथून उठवतील, आणि तेव्हा जी सीट उरली असेल ती मिळेल.

पाय मुळीच वाकत नसेल, म्हणजे सांधा जखडलेला असेल किंवा प्लास्टर असेल, तर जास्त जागेची सीट देणं कंपनीवर बंधनकारक आहे, त्यासाठी बुकिंगनंतर लगेच फोन करायचा. साध्या गुडघेदुखीला हा नियम लागू होत नाही.

हिशोबी_माणूस

बॅगांचं मी सांगतो, कारण जुनी माहिती इथेच सगळ्यात जास्त फिरते.

दोन बॅगा फुकट हे साउथवेस्टचं ब्रीद होतं. २८ मे २०२५ पासून बुक केलेल्या तिकिटांना ते लागू नाही. पैसे घ्यायला सुरुवात झाली तेव्हा दर पहिल्या बॅगेला ३५ डॉलर आणि दुसरीला ४५ डॉलर होता, एका बाजूच्या प्रवासाला. बुकिंगच्या दिवशीचा दर साइटवर बघून घ्या. त्या दराने तुमच्या पाच बॅगांचे, माणशी एक धरून, १७५ डॉलर होतात.

कार्डाने हे सगळे वाचतात, पण तीन अटी आहेत. मुख्य कार्डधारक, म्हणजे तुमचे यजमान, स्वतः त्या विमानात असायला हवेत. त्यांचा रॅपिड रिवॉर्ड्स नंबर, म्हणजे साउथवेस्टचा सदस्य क्रमांक, बुकिंगमध्ये घातलेला हवा. आणि बाकीचे त्याच आरक्षणात, म्हणजे एकाच कन्फर्मेशन नंबरखाली हवेत. तसं असेल तर त्यांच्याबरोबरच्या आठ जणांपर्यंत प्रत्येकाची पहिली बॅग फुकट. सासू-सासऱ्यांचं तिकीट दिरांनी बाल्टिमोरहून वेगळं काढलं, तर त्याच विमानात शेजारी बसूनसुद्धा त्यांच्या बॅगांना पैसे पडतील. ‘आम्ही एकाच कुटुंबातले’ हे काउंटरवर सांगून उपयोग नाही, सिस्टीम फक्त आरक्षण बघते.

त्यामुळे जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट काढू नका. जाताना पाच जणांचं एकेरी आरक्षण, येताना तिघांचं वेगळं एकेरी. नाहीतर ऑगस्टसाठी आरक्षण फोडत बसावं लागेल.

कार्डधारक असले की चढायचा गटही बरा मिळतो, पाचव्याच्या पुढे जात नाही. कार्डाच्या दर्जानुसार सीट निवडायची सवलतही असते. वरच्या दर्जाच्या कार्डाला बुकिंग करतानाच, खालच्या दर्जांना उड्डाणाआधी ४८ तासांत. तुमचं कार्ड खालच्या दर्जाचं असेल तर बेसिक घेऊन ४८ तास आधी पाच सीट एकत्र मिळतील या भरवशावर राहू नका. तोपर्यंत मधल्या सीटच उरलेल्या असतात.

दुसऱ्या कंपनीशी तुलना करायची असेल तर तिथले नियम वेगळे आहेत. डेल्टाच्या कार्डावरही त्याच आरक्षणातले आठ जण चालतात. युनायटेडच्या एक्सप्लोरर कार्डावर मात्र कार्डधारक आणि सोबतचा एकच, आणि तिकीट त्याच कार्डाने घेतलेलं हवं. शिवाय देशांतर्गत उड्डाणांवर, त्यांचं कार्ड नसेल तर, युनायटेडच्या बेसिकमध्ये डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची बॅग नेता येत नाही, सीटखाली मावेल तेवढीच पिशवी. साउथवेस्टच्या बेसिकमध्ये ती बॅग चालते, २४ × १६ × १० इंचांची.

आता २३ किलोचा सापळा. साउथवेस्टची मर्यादा ५० पौंडांची आहे. २३ किलो म्हणजे ५०.७ पौंड. भारतात काट्यावर बरोबर २३ दाखवणारी बॅग इथे मर्यादेबाहेर जाऊ शकते. कर्मचारी बऱ्याचदा सोडतात, पण सोडायलाच हवं असं नाही, आणि जादा वजनाचा दर बॅगेच्या साध्या दरापेक्षा कितीतरी मोठा असतो. जादा वजनाला कार्डाची सवलत लागू होत नाही, बॅग पहिली असली तरी. घरच्या लटकत्या काट्यावर २२.५ किलोवर थांबा, म्हणजे ४९.६ पौंड. काट्याकाट्यात थोडा फरक असतोच. मोठ्या कडक सूटकेसचं मापही घ्या: लांबी, रुंदी आणि उंची मिळून ६२ इंच, चाकं आणि हँडल धरून. चाकं मोजायची राहतात आणि तिथेच दोन इंच वाढतात.

निशाचर७३७

वरचं सगळं पटलं. सीटबाबत एक भर घालतो.

सीट निवडली म्हणजे ती दगडावरची रेघ नाही. साउथवेस्टकडे सगळी ७३७ असली तरी ७३७-८०० आणि मॅक्स ८ मध्ये १७५ सीट आहेत, ७३७-७०० त्यापेक्षा बरंच लहान. ऐनवेळी लहान विमान आलं तर सीट पुन्हा वाटल्या जातात. उड्डाणाच्या २४ तास आधी चेक-इन उघडतं तेव्हा आणि घरातून निघताना, असं दोनदा ॲपमध्ये नंबर बघा. मुलगी वेगळी पडलेली दिसली तर लगेच फोन किंवा चॅट. गेटवर पोचेपर्यंत थांबलात तर बदलायला जागा उरत नाही.

सीटसाठी वेगळे पैसे भरले असतील आणि ती सीट मिळाली नाही, तर ते पैसे परत मागायचा हक्क आहे. बॅगेचे पैसेही तसेच: देशांतर्गत प्रवासात विमान गेटला लागल्यापासून १२ तासांत बॅग हातात आली नाही तर भरलेले पैसे परत मिळतात. मात्र विमानतळ सोडण्याआधी बॅगेच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्यायचा. नोंदच नसेल तर परतावा अडकतो.

स्नेहल_डॅलस

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच जणांचं चॉइस, एका आरक्षणात, एकेरी, हे ठरलं. दोन गोष्टी अजून विचारते. ऑगस्टमध्ये सासू-सासरे दोघंच येतील तेव्हा बॅगांचं काय करावं? आणि सासूबाईंच्या सामानात भाजणी, मेतकूट, लोणचं, तुपाची बरणी असं सगळं आहे. ते कुठल्या बॅगेत घालू?

विमानवेडा

ऑगस्टला यजमान सोबत नाहीत, म्हणजे कार्डाची सवलत नाही. दोन रस्ते आहेत. चॉइस घेऊन माणशी एक बॅग, वर सांगितलेल्या सुरुवातीच्या दराने दोघांचे मिळून ७० डॉलर. किंवा चॉइस एक्स्ट्रा, त्यात माणशी दोन बॅगा, पायाला जागा आणि पहिल्या-दुसऱ्या गटात चढणं. दोन्हींच्या भाड्यातला फरक माणशी एका बॅगेच्या दराच्या आसपास असेल तर डोळे झाकून एक्स्ट्रा घ्या. फरक शंभराच्या वर गेला तर नको. त्यापेक्षा जड सामान जूनमध्येच तुमच्या परतीच्या तीन फुकट बॅगांमध्ये भरून डॅलसला घेऊन या, आणि ते दोघं हलकी हातातली बॅग घेऊन येतील. साउथवेस्ट हातातल्या बॅगेचं वजन करत नाही, भारतातला ७ किलोचा नियम इथे नाही. फक्त ती वर उचलून ठेवणारा कोणीतरी हवा, म्हणून सासऱ्यांना झेपेल एवढीच भरा.

दोघंच असल्याने बदलीचं विमान टाळा, थेटच घ्या. दोघांसाठीही ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो, पण तिकिटावरचं नाव त्यातल्यासारखंच हवं. दिरांनी बाल्टिमोरला काउंटरवर जाऊन गेटपर्यंत सोबत जायचा पास मागावा, स्वतःचं ओळखपत्र घेऊन. देणं काउंटरच्या हातात असतं, पण वृद्ध, भाषेची अडचण आणि व्हीलचेअर असं स्पष्ट सांगितलं तर विचार करतात. इकडे डॅलसला तुम्हीही तसंच विचारून बघा.

हिशोबी_माणूस

खाण्याच्या सामानाचं: लोणचं आणि तूप सुरक्षा तपासणीत द्रव किंवा पेस्टमध्ये मोडतात. हातातल्या बॅगेत १०० मिलीपर्यंतच, त्याहून मोठी बरणी चेक-इनच्या बॅगेतच. झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घट्ट बसवा, वरून चिकटपट्टी, मग दोन पिशव्या. जूनच्या उन्हात बॅगा विमानाजवळ उघड्यावर पडून असतात, तूप वितळतंच, म्हणून बरणी उभी आणि कपड्यांच्या मधोमध.

भाजणी-मेतकूट हातात नेता येतं, पण ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असेल तर ती वेगळ्या ट्रेमध्ये काढायला लावतात. पिशवी उघडूनही बघू शकतात. मोठी पाकिटं चेक-इनमध्ये घाला.

औषधं, चष्मा, पासपोर्ट आणि पॉवर बँक मात्र चेक-इनमध्ये कधीही नाही. हे सगळं एका छोट्या पिशवीत ठेवा, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेत कोंबू नका. याचं कारण असं की शेवटच्या गटांपर्यंत डोक्यावरचे कप्पे भरतात आणि दारातच तुमची बॅग घेऊन खाली पाठवतात. त्या क्षणी पॉवर बँक बाहेर काढावीच लागते, आणि मागे रांग असताना कुलूप उघडून शोधाशोध करणं फार त्रासाचं होतं. साउथवेस्टमध्ये आणखी एक नियम आहे: पॉवर बँक वापरत असाल तेव्हा ती समोर दिसेल अशी ठेवायची, पिशवीत किंवा वरच्या कप्प्यात ठेवून फोन चार्ज करायचा नाही. सासऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा.