ब्लूटूथ इअरबडवर स्टेज मॉनिटरिंग: लॅग जातो का? बजेट पंधरा हजार

ऑक्टापॅडवाला_पलूस

नमस्कार मंडळी. आमचा सहा जणांचा ऑर्केस्ट्रा आहे, पलूस-तासगाव-विटा पट्ट्यात जत्रांचे आणि गणपतीतले कार्यक्रम असतात. स्टेजवर मॉनिटर (आपलं वाजवणं आपल्याला ऐकवणारे स्पीकर) मिळतात दोन, तेही गायकांच्या पुढ्यात. मागं बसून मला ऐकू येते ती ढोलकी आणि जनरेटर. कीबोर्डवाला काय वाजवतोय ते त्याच्या बोटांकडं बघून ओळखायचं.

म्हणून इन-इअर, म्हणजे मॉनिटरऐवजी कानात इअरफोन, करायचा विचार आहे. त्यासाठीचे यूएचएफचे वायरलेस सेट आवाक्याबाहेर. सगळ्यांकडं ब्लूटूथ इअरबड आहेतच, तर मिक्सरच्या ऑक्सला (वेगळा मिक्स बाहेर काढायच्या जोडणीला) ब्लूटूथ ट्रान्समीटर लावला की झालं, असा आमच्या गायकाचा हिशोब. रिहर्सलला लावून बघितलं तर ऑक्टापॅडच्या रबरावर काठी पडल्यावर आवाज मागून येतोय. गायक म्हणतो हा ट्रान्समीटर जुना आहे, ब्लूटूथ 5.3 चा घेऊ, लॅग जाईल. खरं का हे? चौघांचं मिळून पंधरा हजारात काय बसेल?

साउंडवाला_सांगली

गायकाला सांगा, पैसे खिशातच ठेव. खोक्यावरच्या 5.3 चा आणि लॅगचा थेट संबंध नाही.

नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून लहान करतात, त्याची पाकिटं करून हवेत सोडतात. इअरबड ती आल्या आल्या वाजवत नाही, थोडा साठा करून ठेवतो. मधलं एखादं पाकीट हरवलं तर परत मागवायला सवड मिळावी म्हणून. म्हणजे हा बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे. सिनेमा बघताना फोन चित्रही तेवढंच मागं धरतो, म्हणून ओठ जुळतात. तुमच्या काठीला कोण मागं धरणार?

मोजायचं असेल तर सोपं आहे. इअरबड दुसऱ्याच एखाद्या फोनच्या माइकला चिकटवून धरा, फोन ऑक्टापॅडशेजारी ठेवा, रेकॉर्डिंग चालू करून एक काठी मारा. फाइल ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की आधी रबराची बारीक टप आणि मग इअरबडमधला स्नेअर, असे दोन उंचवटे दिसतात. मधलं अंतर म्हणजे तुमचा लॅग. माझ्याकडच्या साध्या ट्रान्समीटरवर तो 200 मिलिसेकंदांच्या वर भरला. 120 च्या लयीत पाव मात्रा 125 मिलिसेकंदांची असते, आता तुम्हीच बघा किती मागं राहिलात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. त्या हिशोबानं तुमचा मॉनिटर स्टेजवर नाहीच, सत्तर मीटर लांब जत्रेतल्या पाळण्यापलीकडं ठेवलाय. स्टेजवर तीन मीटरवरच्या मॉनिटरचा आवाजही 9 मिलिसेकंद उशिरा येतो, पण त्याची कुणी तक्रार करत नाही.

त्यात चौघांचे बड चार कंपन्यांचे. प्रत्येकाचा लॅग वेगळा, म्हणजे चौघं चार ठिकाणी. आणि साधा ट्रान्समीटर एका वेळी एक, फार तर दोन बड धरतो.

अॅप्टएक्स लो लेटन्सी (आवाज दाबायची कमी लॅगवाली पद्धत) 40 मिलिसेकंदांपर्यंत खाली येतं, पण ते पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या दोन्ही बाजूंना लागतं, आणि सुट्या बडमध्ये जवळपास सापडत नाही. एलई ऑडिओची (ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या नव्या पद्धतीची) दिशा मात्र बरोबर आहे. त्यातल्या ऑराकास्टमध्ये एकाच ट्रान्समीटरवरून कितीही जण ऐकू शकतात, आणि लॅगही बराच कमी. पण 5.2 आणि त्यापुढच्या ब्लूटूथमध्ये ते देता येतं, दिलेलंच असतं असं नाही. आणि दिलेलं असलं तरी काठीनं वाजवणाऱ्याला 20-30 मिलिसेकंदही टोचतात.

गायिका_कराड

दादा, वाजवणाऱ्यांपेक्षा गाणाऱ्यांचे हाल जास्त होतात यात. आपला आवाज हाडांतून लगेच कानात पोचतो आणि वर इअरबडमधून तोच पुन्हा उशिरा येतो. 200 मिलिसेकंदांच्या आसपास तर जीभच अडखळते, शब्द लांबतात. तुमच्या गायकाला एक अख्खं कडवं म्हणायला लावा, परत ब्लूटूथचं नाव काढायचा नाही.

आणि काहीही घेतलंत तरी एक कान उघडा ठेवून गाऊ नका. उघड्या कानामुळं दुसऱ्या कानातला आवाज माणूस वाढवतच जातो. माइकची शिट्टी वाजली तर ती थेट कानाच्या पडद्यावर बसते, म्हणून ऑक्सवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा) असेल तर लावून घ्या.

ढोलकी_विटा

ढोलकीचा आवाज लई येतो म्हणून समदी बोंब. ढोलकी वाजवायची का कुरवाळायची, ते एकदा ठरवा 😄

ऑक्टापॅडवाला_पलूस

ढोलकीवाले दादा, राग मानू नका, आमचा ढोलकीवाला सख्खा मेव्हणा आहे, त्याला मी काही बोलू शकत नाही.

साउंडवाले दादा, मग ब्लूटूथ सोडून पंधरा हजारात काय?

साउंडवाला_सांगली

वायर. तुम्ही, कीबोर्ड, ढोलकी, बेस सगळे बसूनच वाजवता ना? बसणाऱ्याला वायरलेस कशाला? नाचायचंय का?

बेहरिंगरच्या एचए400 सारखा हेडफोन अॅम्प घ्या. इनपुट एक, आउटपुट चार, प्रत्येकाला आपापला व्हॉल्यूम. त्याला चार लांब एक्स्टेन्शन. केझेडचे वायरवाले इअरफोन हजार-दोन हजारात येतात, कानात घट्ट बसतात आणि बाहेरची ढोलकी बऱ्यापैकी अडवतात. सगळं धरून पंधराच्या आत बसेल. लॅग शून्य, चार्जिंगची कटकट नाही.

लीडकडं मात्र नीट लक्ष द्या, इथंच सगळे अडकतात. ऑक्समधून मोनो आवाज येतो आणि या अॅम्पचं इनपुट स्टीरिओ असतं. साधी मोनो लीड लावली तर एकाच कानात वाजतं. बॅलन्स्ड लीड (तोच आवाज सुलट आणि उलट असा दोन तारांतून नेणारी) लावली आणि ऑक्सही बॅलन्स्ड असेल तर दोन्ही कानांत येतं, पण एकात उलट्या फेजनं; आवाज पोकळ लागतो, बेस गायब होतो आणि लोक इअरफोनला शिव्या देतात. लीड करून घ्या: मिक्सरकडं मोनो जॅक, अॅम्पकडं स्टीरिओ जॅक, त्यात टिप (टोक) आणि रिंग (त्यामागचं कडं) जोडलेली. कुठलाही रिपेअरवाला दहा मिनिटांत डाग देऊन देईल.

गायक फिरतो, त्याला वायर जमणार नाही. तो सध्या मॉनिटरवरच राहू दे, नाहीतरी दोन्ही त्याच्याच पुढ्यात आहेत. पुढं पैसे जमले की त्याला एक्सव्हाइव्ह यू4 सारखा सेट बघा. तोही ब्लूटूथच्याच 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतो, पण साठा न करता पाठवतो, लॅग 5 मिलिसेकंदांच्या आसपास. फक्त ट्रान्समीटर उंचावर, गायकाला दिसेल असा ठेवायचा; माणसाचं अंग हा पट्टा शोषून घेतं, आणि स्टेजपुढं गर्दी झाली की ते कळतंच.

ऑक्टापॅडवाला_पलूस

हे पटलं. पण आमच्या मिक्सरला ऑक्स दोनच आहेत, त्यातला एक मॉनिटरला जातो. दुसऱ्यावर गायकाचा इको आहे. मग?

साउंडवाला_सांगली

मिक्सरमध्येच इकोचा इफेक्ट असेल तर त्याचा सेंड (तिकडं आवाज पाठवायची वाट) बहुतेक वेगळा असतो, मग तो ऑक्स मोकळा होईल. बाहेरचं इको युनिट असेल तर नाही. शिवाय बऱ्याच छोट्या मिक्सरवर दुसरा ऑक्स पोस्ट-फेडर असतो: पुढं कुणी फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली घेतला की तुमच्या कानातलंही खाली जातं. आपल्याला प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच आवाज घेणारा, पाहिजे. काहींवर त्यासाठी बटण असतं. मिक्सरचा वरून एक आणि मागून एक फोटो टाका, बघून सांगतो.