एलिस ब्रूक व्हॅली: आईला रानफुलं दाखवायची आहेत, कधी न्यावं?

कॅनिंगव्हेलकर: नमस्कार मंडळी. आई साताऱ्याहून इथे ऑस्ट्रेलियात, पर्थला आली आहे, ऑक्टोबरमध्ये परत जाणार. दरवर्षी कासला जाणारी बाई. किंग्ज पार्कचे वाफे बघून म्हणाली, "लावलेली नकोत गं, आपोआप उगवलेली दाखव." गॉस्नेल्सच्या टोकाला एलिस ब्रूक व्हॅली नावाचं राखीव रान आहे म्हणतात. तिचे गुडघे दुखतात, चढ झेपत नाही. जमेल का? आणि देवाला चार फुलं तोडली तर चालतील का?

बांक्सियाप्रेमी: नक्की न्या, सप्टेंबर सोडू नका. मार्टिनमधल्या रश्टन रोडने गेलात की घरं संपतात आणि डार्लिंग स्कार्पचा डोंगर समोर येतो. सिक्स्टी फूट फॉल्स धबधब्याची वाट आईंसाठी नाही, चढ खडा आहे. खालच्या सपाटीवरच रमतगमत फिरा, तिथेही भरपूर फुलं असतात. कांगारू पॉ दिसलं की जवळून बघायला सांगा. देठ लाल, फूल हिरवं, दोन्हींवर मखमली लव. कासचा दवबिंदू आईंच्या ओळखीचा असेलच. त्याचे इथले काही भाऊबंद वेलासारखे झुडपांवर चढतात, पानांवर तेच चिकट थेंब.

फुलं मात्र तोडू नका. इथे रानफुलं तोडणं कायद्याने गुन्हा आहे. देवाला घरच्या कुंडीतली वाहा.

आणि हात जोडून सांगतो, निघण्याआधी बुटांचे तळवे घासून कोरडे करा. इथल्या मातीत डायबॅक नावाचा रोग पसरतो, फायटोफ्थोरा सिनामोमी या बुरशीसारख्या जिवामुळे. मुळं कुजवतो, मग बांक्सिया, जाऱ्हा, बाल्गा ही इथली झाडं उभ्या जागी वाळतात. एकदा जमिनीत शिरला की काढता येत नाही, आणि एका जागेहून दुसरीकडे जायला बुटाला चिकटलेला चिखल पुरतो. मी तण काढायला जातो तेव्हा बांक्सियाचं वाळलेलं झाड दिसलं की पोटात कालवतं. कुठे गुलाबी वॉटसोनिया दिसली तर आईंना सांगा, ती इथली नाही, दक्षिण आफ्रिकेतून आलेली. तिचे कंद खणता खणता आमच्या कमरा जातात.

हिल्सवाली: इथल्या मूळ रहिवासी नूंगार लोकांच्या सहा ऋतूंपैकी ऑगस्ट-सप्टेंबरचा जिल्बा, त्यानंतर कंबारांग. या दोन्हींत फुलं असतात. आम्ही नोव्हेंबरात गेलो तेव्हा धबधबा कोरडा होता. ऊन तापलं की साप बाहेर येतात, म्हणून पायवाट सोडू नका. पाणी घरूनच न्या.

कॅनिंगव्हेलकर: काल जाऊन आलो. आईने जुन्या टूथब्रशने सगळ्यांचे बूट घासले, नातवाचेही. डाँकी ऑर्किड पहिलं तिलाच दिसलं, पिवळं-तपकिरी, गाढवासारखे दोन कान वर. पंधरा मिनिटं दगडावर बसून बघत होती. पुढच्या रविवारी पुन्हा जायचंय म्हणते. बांक्सियाप्रेमी, तण काढायला बसून करायचं काही काम असतं का?