किडनी गेलेल्या कुत्र्याला रात्री जागलीला नेऊ द्यावं का?

आर्वीकडची सून

आमचा भुऱ्या गावठी. अकरा वर्षांचा, म्हणजे माझ्या मुलीपेक्षा वर्षानं मोठा. दिवाळीच्या आधी त्यानं खाणं सोडलं, पण ढोरांच्या टाक्यावर जाऊन पाणी मात्र घटाघटा प्यायचा. तोंडाला उग्र वास. दोन वर्षांपूर्वी गोचीड ताप झाला होता, वाटलं तोच उलटला. शेवटी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेलं. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची घाण, ६.२ निघालं, जे दीडच्या आसपास पाहिजे. डॉक्टर म्हणाले, किडनी बरी होणार नाही, पण घरी कातडीखाली सलाईन देत राहिलात तर काही दिवस, जमलं तर काही महिने, बरे जातील.

आता ती सलाईन माझ्याकडे आहे. बाटली गरम पाण्याच्या गंजात जरा कोमट करते आणि ओसरीत कंदिलाच्या खुंटीला टांगते. दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची, तिच्या बुडाशी सुई टोचायची. पहिल्या दिवशी सुई कातडीच्या आरपार गेली नि अर्धी बाटली माझ्या मांडीवर सांडली. भुऱ्या शांत, मीच रडले. आता अडीचशे मिली पंधरा मिनिटांत जातं. पाठीवर टेंगूळ येतं, रात्रीतून घसरत पुढच्या पायाकडे उतरतं आणि सकाळपर्यंत जिरतं. मुलगी त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकोणीसचा पाढा म्हणते. तिला तो येत नाही, पण भुऱ्या चूक काढत नाही.

घरात प्रत्येकाचं वेगळं चाललंय. पुढच्या खोलीत कापूस भरलाय आणि याला वर्षानुवर्षं त्याच कापसावर निजायची सवय. आता लघवी आवरत नाही. एकदा कापूस ओला झाला तेव्हा यांनी रात्री अकराला तेवढा उपसून अंगणात टाकला आणि म्हणाले, "ओल्या कापसाले व्यापारी काय भाव देईन, सांग मले." दुसऱ्या दिवशी स्वतःच बारदान्याची आडभिंत करून दिली. सासूबाई मी वावरात गेले की दूधभाकर कुस्करून घालतात. विचारलं तर म्हणतात, "उपाशी जीव घरात ठेवत नसतेत व."

पण खरा प्रश्न सासऱ्यांचा. तूर शेंगेवर आहे, हरभरा वर आलाय, रोही (नीलगायी) आणि डुकरं रोज रात्री. बाबा आठ वाजता बॅटरी नि काठी घेऊन जागलीला निघतात. काठीचा आवाज आला की दिवसभर मान न उचलणारा हा उठून उभा राहतो, पाय लटपटतात, तरी दारापर्यंत जातो. मी दार लावून घेते. परवा बाबा म्हणाले, "बंडीत टाकून नेतो त्याले. अकरा वर्सं माह्यासंगं होता, आता म्या एकट्यानंच जाऊ काय?" हे म्हणतात थंडीत तिथंच मरेल. डॉक्टरांनी ऊब द्या म्हटलंय. त्यांना फोन करून "कुत्र्याला ड्युटीवर पाठवू का" असं विचारायची लाज वाटते. कोणी असं केलंय का?

बोंडअळी

ताई, राग मानू नका. मी पन कास्तकार हाव. पोराची फी बाकी, फवारनीवाल्याचे पैसे बाकी, अन तुमी कुत्र्याले सलाईन लावता. जुन्या मान्सानं कुत्र्याले कधी दवाखाना दाखवला नाई. त्याचं आयुष्य झालं. बाबाले नेऊ द्या नाईतर नका नेऊ देऊ, पन नागपूरच्या चकरा बंद करा. गाडीभाड्यातच मान्स मरते.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

मी ३१ वर्षं तालुक्याच्या दवाखान्यात काढली. गाई-बैल जास्त, कुत्री कमी, तरी सांगतो.

आधी एक विचारायचं आहे. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) तपासणी झाली का? उंदरांच्या लघवीतून तो कुत्र्याला होतो, किडनीवर बसतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही येऊ शकतो. कापूस आहे म्हणजे घरात उंदीर असणारच. रिपोर्ट बघेपर्यंत फरशी हातमोजे घालून पुसा. हाताला जखम असेल तर दुसऱ्या कोणाला सांगा. मुलीला तिथं अनवाणी फिरू देऊ नका.

सासूबाईंना रागावू नका, पण दूध थांबवा. दूध, हाडं, मटणाचा रस्सा यांत फॉस्फरस भरपूर असतो आणि या किडनीला तो बाहेर टाकता येत नाही. मऊ भात, वर उकडलेल्या अंड्याचा नुसता पांढरा भाग, थोडं तूप. पिवळा मुलीला द्या. मीठ नको. मळमळीची गोळी दिली असेल तर ती जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची. बरेच लोक जेवणावर देतात, मग म्हणतात गोळी लागू पडत नाही. लघवी फार होते म्हणून पाणी तोडू नका. किडनी पाणी धरून ठेवत नाही, तो प्यायला नाही तर अजून सुकेल.

आणि कण्हतो म्हणून घरातली दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका. ब्रुफेन, डायक्लोफेनॅक दोन्ही कुत्र्याच्या किडनीला घातक. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ सालीच बंद झालं, गिधाडं मेली म्हणून. पण माणसांचं मेडिकलमध्ये मिळतं आणि लोक तेच आणून देतात. माझ्यासमोर दोन कुत्री त्यानं गेली.

आता जागल. मी म्हणेन, नेऊ द्या. सलाईन सहा वाजता द्या, निघताना नको, बंडीच्या हादऱ्यानं त्याला त्रास होईल. बंडीत कुटाराचा जाड थर, वर पोतं, अंगावर घोंगडी. पाण्याचा डबा सोबत. खाली सोडायचं नाही, बंडीलाच बांधायचं. कारण थंडी नाही, तारा. झटका मशीन असेल तर धक्का बसून मागं येईल, पण आपल्याकडे काही जण रानडुकरांसाठी लाईनीचा करंट थेट तारेत सोडतात. तो कुत्रा बघत नाही आणि माणूसही बघत नाही. शेजारच्या वावराला काय आहे ते बाबांना दिवसा बघून यायला सांगा.

किती दिवस ओढायचं ते तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो. झटके यायला लागले किंवा दोन-तीन दिवस पाणीही पोटात ठरेना, तर डॉक्टरांशी इंजेक्शनचं बोला. बाबांना तेव्हा अचानक सांगू नका.

वणीची सून

माझ्या टिप्याला आम्ही याच दुखण्यात कोंडून ठेवलं. ऊब द्या, आराम द्या, म्हणून. त्यानं मागच्या दाराची खालची फळी नखांनी कोरली. चार वर्षं झाली, दर दिवाळीला घर रंगवतो, मालक तेवढी फळी सोडून रंग देतात. मी काही म्हणत नाही.

काकांनी सांगितलेलं बरोबरच आहे. एक माझ्याकडून जोडते. तोंडात फोड आले असतील तर भात गार करून द्या, कोमटही चटका देतो त्यांना. आणि कापसाच्या खोलीबद्दल: बारदान्यात कुटार भरून गादी करा, वर जुनं लुगडं. ओलं झालं की कुटार उकिरड्यावर, लुगडं धुवायला. फोमची गादी घेऊ नका, आठवड्यात वास मारते.

बोंडअळीभाऊ, तुमचा बैल आजारी पडला तर तुम्ही काय करता?

बोंडअळी

बैलाची गोष्ट अलग आहे ताई. बैलानं घर चालते.

(खरं सांगू, मागच्या सालच्या लम्पीत माह्या गोऱ्ह्याच्या उशाशी मी आठ रात्री बसलो. गेला तो. म्हनून लिवलं तसं.)

आर्वीकडची सून

लेप्टो निगेटिव्ह आहे, रिपोर्टमध्ये होतं, मी नीट वाचलंच नव्हतं. हातमोजे आणले. सासूबाईंना अंड्याचं सांगितलं, तर मंगळवारी आणि शनिवारी घरात अंडं शिजवायचं नाही म्हणाल्या. आता त्या दोन दिवशी शेजारच्या काकू उकडून देतात. दूध बंद झालं की नाही हे मला कळत नाही, पण त्याच्या ताटलीला परवापासून साय दिसली नाही.

बोंडअळीभाऊ, हिशोब तुमचा खरा आहे. अर्धा क्विंटल कापूस आत्तापर्यंत याच्यात गेला. नागपूरची पुढची चक्कर नाही, डॉक्टर फोनवर सांगतात. गोऱ्ह्याचं वाचून वाईट वाटलं.

सोमवारी पाठवलं. यांनीच बंडीत कुटार भरलं, तोंडानं नाही नाही म्हणत. बाबा दुपारीच जाऊन तारा बघून आले. आमच्या बाजूला झटका मशीन आहे, पलीकडच्या धुऱ्याला काय आहे ते तिथल्या कास्तकारालाही नीट सांगता आलं नाही, म्हणून बंडी विहिरीजवळच सोडतात. भुऱ्याला उचलून ठेवला तर घोंगडीतून फक्त नाक बाहेर.

सकाळी मी विचारलं, कसा होता? बाबा म्हणाले, "दोन वाजता रोही आले. हा उठला नाई. कान हालवला फक्त. मंग मीच भुंकलो." आणि चहा पीत बसले. मुलगी दिवसभर आजोबांना भुंकून दाखवा म्हणत मागे होती.

काल पण गेला. आज वाऱ्यामुळे ठेवलाय, दाराशीच झोपलाय.

काका, एक सांगाल का? अठरा नंबरची सुई संपली, इथल्या मेडिकलमध्ये वीस आणि बावीसच आहेत. विसानं चालेल ना, की फार वेळ लागेल?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक

वीस चालेल. पंधराच्या जागी वीस-पंचवीस मिनिटं धरा. बावीस घेऊ नका, पाढे संपतील.