कपातीनंतर प्रशिक्षण, पण घरखर्चाचे काय?

प्रश्न (फोंडा): वेर्ण्यातील कारखान्यातून माझ्या भावाची कपात झाली असून त्याला व्यवसाय प्रशिक्षण घ्यायचे आहे, त्या काळात घरखर्चासाठी काही आधार मिळू शकतो काय?

उत्तर: कर्मचारी राज्य विमा महामंडळाची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 2005 पासून नेमकी अशा कामगारांसाठीच आहे. तीत पहिले 12 महिने सरासरी वेतनाच्या 50 टक्के व पुढील 12 महिने 25 टक्के भत्ता मिळतो, शिवाय प्रशिक्षणाचे शुल्क आणि प्रवासखर्चही.

उत्तर: तुमच्या भावाकडून राजीनामा लिहून घेतला असेल, तर मात्र अडचण येईल, कारण स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला हा भत्ता मिळत नाही. कपातीचे पत्र आधी तपासा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पत्रात ‘कपात’ असेच लिहिले आहे.