स्टॅन: उतार काउंटीगणिक बदलत असताना सदिशांचा घटकशः गुणाकार कसा लिहावा?

प्रश्न
नमस्कार. स्टॅन या सांख्यिकी प्रतिमाने लिहिण्याच्या भाषेत बहुस्तरीय प्रतिमाने (ज्यांत प्रत्येक गटाला, इथे काउंटीला, स्वतःचे गुणांक मिळतात) शिकण्यासाठी मी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या घरांमधील रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचा प्रसिद्ध माहितीसंच वापरते आहे. त्यात ८५ काउंट्यांमधील ९१९ घरांची मोजमापे आहेत. मोजमाप तळघरात घेतले असेल तर ‘मजला’ ० आणि त्यावरच्या मजल्यावर घेतले असेल तर १ आहे. अंतःखंड (अल्फा) आणि उतार (बीटा) दोन्ही काउंटीनुसार बदलू द्यायचे असल्याने मी घराच्या मोजमापाचा मध्य (अपेक्षित सरासरी) ‘अल्फा[काउंटी] + बीटा[काउंटी] * मजला’ असा लिहिला. आर या सांख्यिकी भाषेत अशी ओळ बिनतक्रार चालते. स्टॅन मात्र कंपाइल करतानाच ती नाकारतो. घरागणिक लूप लिहिल्यास प्रतिमान चालते, पण फार रेंगाळते. बीटाची कर्णमॅट्रिक्स (कर्णावर बीटाच्या किमती, बाकी सगळीकडे शून्य) करून तिने मजल्याला गुणावे, असेही एकाने सुचवले. योग्य मार्ग कोणता?

उत्तर १
स्टॅनमध्ये नुसती तारकेची खूण (*) म्हणजे रेषीय बीजगणितातला गुणाकार. आडव्या सदिशाला (ओळीत मांडलेल्या संख्यांना) उभ्याने गुणले की एक संख्या मिळते, उभ्याला आडव्याने गुणले की मॅट्रिक्स मिळते, आणि दोन उभ्या सदिशांच्या गुणाकाराला त्या गणितात अर्थच नसल्याने कंपाइलर तिथेच थांबतो. तुम्हाला हवी आहे ती टिंब लावलेली खूण: ‘अल्फा[काउंटी] + बीटा[काउंटी] .* मजला’. इथे काउंटी ही ९१९ पूर्णांकांची यादी असल्याने बीटा[काउंटी] हा ९१९ घटकांचा सदिश होतो आणि प्रत्येक घराला आपापल्या काउंटीचा उतार मिळतो.

दोन्ही बाजूंची लांबी मात्र सारखीच हवी. समजा, काउंटी-पातळीवरच्या, म्हणजे प्रत्येक काउंटीच्या जमिनीतल्या युरेनियमचा ८५ घटकांचा सदिश चुकून इथे आला, तर आर तो पुन्हापुन्हा वापरून, फार तर एक इशारा देऊन, उत्तर काढून मोकळा होतो. स्टॅन त्रुटी दाखवतो. ही काटेकोर वागणूक मला अतिशय मोलाची वाटते, कारण चुकीच्या लांबीवर आलेले उत्तर पुष्कळदा दिसायला अगदी बरोबर असते.

उत्तर २
वरील उत्तराला एक जोड देतो. मजला ० आणि १ असल्यामुळे तुम्ही तो पूर्णांकांची अ‍ॅरे म्हणून घोषित केला असण्याची शक्यता आहे. तसे असेल तर टिंबाची खूणही चालणार नाही. ‘टू_व्हेक्टर’ने त्याचा सदिश करून घ्या, आणि तेही रूपांतरित माहितीच्या विभागात, म्हणजे ते काम एकदाच होईल.

कर्णमॅट्रिक्सचा सल्ला कृपया मानू नका. गणिताने तो बरोबर आहे, परंतु ९१९ गुणाकारांसाठी ८,४४,५६१ चौकटींची मॅट्रिक्स उभी राहते आणि तिच्यातल्या बहुतेक सगळ्या चौकटी शून्याच्या असतात. लूपबद्दल म्हणाल, तर स्टॅनचा लूप सी++ मध्ये जातो, त्यामुळे तो स्वतः मंद नसतो. मात्र प्रत्येक घरासाठी नॉर्मल वितरणाचे वेगळे विधान लिहिले की विकलनासाठी स्टॅन ठेवतो तो गणनेचा आलेख फुगतो आणि सिग्माचा (त्या वितरणाच्या प्रमाण विचलनाचा) लॉगॅरिदमही ९१९ वेळा काढला जातो. सदिशरूपात तो एकदाच काढला जातो.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. मजला खरोखरच पूर्णांकांची अ‍ॅरे होता. आता प्रतिमान नीट चालते. घर-पातळीवरचे आणखी एक चल घ्यायचे असून त्याचाही उतार काउंटीनुसार बदलेल. तेव्हा प्रत्येक चलासाठी असा वेगळा गुणाकार जोडत जावे का?

उत्तर १
दोनच चले असतील तर तसे लिहायला हरकत नाही, आणि वाचायलाही ते सोपे पडते. चले वाढणार असतील तर ती ९१९ ओळींच्या मॅट्रिक्समध्ये ठेवा, उतारांची ८५ ओळींची मॅट्रिक्स करा आणि ‘रोज_डॉट_प्रॉडक्ट(चले, उतार[काउंटी])’ असे लिहा. ते ओळीओळीने घटकशः गुणून बेरीज करते आणि ९१९ घटकांचा सदिश देते. चलांच्या मॅट्रिक्सला उतारांच्या परिवर्ताने (ओळी-स्तंभ अदलाबदल केलेल्या मॅट्रिक्सने) गुणण्याचा मोह मात्र टाळा; त्यात प्रत्येक घराचा हिशेब सगळ्या ८५ काउंट्यांसाठी होऊन ७८,११५ संख्या तयार होतात आणि तुम्हाला त्यांतल्या ९१९ च लागतात.